पुंजारामांची आरोळी

"सगळा डेटा सामाईक फोल्डरात टाका. स्वतःजवळ प्रत ठेवाल तर नोटीस मिळेल," असा हुकूम बदनापूरकडच्या एका कृषी महाविद्यालयात निघाला. तो अक्षरशः पाळणारी एकच बाई निघाली, ती म्हणजे ज्वारी विभागातली वंदना. बाकीच्यांनी जुनंपानं फोल्डरात टाकलं आणि कामाचं ते पेनड्राइव्हात दडवलं. वंदनाने पेनड्राइव्ह पुसला, वर मोबाइलही पुसला. बापाचा प्रामाणिकपणा अंगात असला की असं होतं.

तिचे वडील पुंजाराम, सगळ्यांचे आबा, याच कॉलेजच्या रानात जन्मभर पाखरं राखायचे. त्यांची आरोळी रेकॉर्ड करून भोंग्यावर लावली तर पाखरं उठतात का, हा तिचा प्रयोग. फोल्डरात फाइलीच्या मालकाचं नाव विचारलं, तेव्हा तिने अभिमानाने वडिलांचं घातलं.

पोळा झाला आणि पुंजाराम गेले. तेरावं उरकून वंदना कामावर आली, फोल्डर उघडला, तर आरोळी गायब. ती तशीच संगणक कक्षात परवेजकडे धावली.

"ताई, आबांचं नाव कॉलेजच्या यादीतून निघालं ना, मंग खातं बंद झालं. खात्यासंगं फाइली बी गेल्या. आपोआप होतं ते."

"अरे, त्यांचा आवाज होता त्यात! दुसरीकडं कुठंच न्हाई!"

"तुमच्याकडं कॉपी असंल की."

"ठेवायची न्हाई असा हुकूम होता ना!"

"या अल्ला! तुम्ही तो खरंच पाळला?"

"परत न्हाई का येणार?"

"अर्ज करावा लागंल." तो चाचरला. "त्याच्यावर मालकाची सही लागती."

हसावं की रडावं, असा प्रश्नच नव्हता. वंदना रडत बाहेर पडली. माणूस गेला ते सोसलं होतं, आता आवाजही गेला.

फाटकाकडे जाताना बाजरीच्या रानातून आरोळी उठली, "हाऽऽ हुर्र्याऽऽ!"

वंदना बांधावरून धावत सुटली. भोंग्याखाली बाजरी विभागाचे राधेश्याम सर उभे होते. त्यांनी मोबाइल झटकन पाठीमागे लपवला. ही फाइल त्यांनी मागितली होती, तेव्हा वंदनाने त्यांना चक्क वाटेला लावलं होतं.

"चुकलं, वंदनाताई. तुम्ही न्हाई म्हनल्या, मंग फोल्डरातून गपचूप उतरवून घेतली. तक्रार करू नका. उपेग बी न्हाई बघा तिचा."

खरंच नव्हता. चिमण्या भोंग्यावरच ओळीने बसल्या होत्या आणि खाली कणसं फस्त होत होती. आबांनी एक दाणा टिपू दिला नसता.

"पाखरं बिलकुल भीत न्हाईत. बंद करतो."

"राहू द्या, सर," वंदना म्हणाली आणि बांधावर मटकन बसली. "आबा हायेत ते."

सरांचा हात थांबला. त्यांनी आधी ती फाइल तिच्या मोबाइलवर पाठवली. मग पाखरांच्या तोंडी चाललेल्या आपल्या वर्षभराच्या प्रयोगाकडे एकदा पाहिलं, आणि भोंग्याचा आवाज थोडा वाढवला.