व्हॉल्व्ह क्रमांक एकोणीस

"देवीपुढे ठेवलेल्या वस्तूला हात लावेल असा चोर अख्ख्या कोइम्बतूरात जन्माला यायचाय अजून!" असं तंगवेलू दर आयुधपूजेला छाती फुगवून सांगायचा, आणि पंपाच्या कारखान्यातलं ते चौदा माणसांचं ऑफिस माना डोलवायचं.

कल्पना त्याचीच होती. आयुधपूजेला लेथ, ड्रिल, पाने, हातोडे अशा सगळ्यांना गंध-कुंकू लागतं, तसं ऑफिसातल्या कंप्युटरांनाही लागतं. एका वर्षी तंगवेलूनं विचारलं, "यंत्र पुजता, मग यंत्राची किल्ली का नको?" किल्ली म्हणजे पासवर्ड! तेव्हापासून ज्यानं त्यानं आपला पासवर्ड चिठ्ठीवर लिहायचा, हळद लावायची आणि सरस्वतीच्या तसबिरीपुढच्या स्टीलच्या ताटात ठेवायचा, असा रिवाज पडला. पूजेनंतर मुरमुरे-फुटाणे वाटले जायचे, चिठ्ठ्या मात्र वर्षभर तिथेच. देवीला वाहिलेलं परत कोण उचलणार? एखाद्याला पासवर्ड आठवेना झाला की तो जायचा, हात जोडायचा, वाचायचा आणि कामाला लागायचा. देवीची कृपा आणि वर सोय!

तर अशा ऑफिसात एका शुक्रवारी मॅनेजर वरदराजन यांनी सगळ्यांना उभं करून नोटीस वाचली. "आपल्या कंप्युटरांचा गैरवापर होतोय. नव्या व्हॉल्व्हची ड्रॉइंगं बाहेर जातायत असा मुख्य कचेरीला संशय आहे. सोमवारी चेन्नईहून चौकशीला येतायत. जो सापडेल त्याची नोकरी तर जाईलच, शिवाय पोलीस!"

तंगवेलूच्या हातातली कॉफी त्याच्याच पायावर सांडली. पाय भाजला हेसुद्धा त्याला घरी गेल्यावर कळलं.

तंगवेलू स्टोअरचा हेडक्लार्क. चोवीस वर्षं नोकरी, एक मेमो नाही. ड्रॉइंग चोरणं सोडाच, त्यानं कधी ऑफिसची टाचणीही घरी नेली नव्हती. पण त्याच्या मुलीचं, कयलविळीचं, लग्न जमवायचं होतं. स्थळांच्या पत्रिका यायच्या, त्या पोल्लाचीच्या जोशांना पाठवायच्या असायच्या, आणि स्कॅनर होता तो फक्त ऑफिसातल्या पूंगोडीच्या कंप्युटरला जोडलेला. पूंगोडी जेवायला गेली की तंगवेलू ताटातली तिची चिठ्ठी वाचायचा, तिच्या कंप्युटरवर पत्रिका चढवायचा, खाली आपला शेरा लिहायचा आणि मेल करून टाकायचा. 'मुलांच्या पत्रिका' असं नाव दिलं असतं तर सगळं ऑफिस सल्ला द्यायला धावलं असतं. म्हणून त्यानं फायलींना नावं दिली होती व्हॉल्व्ह एक, व्हॉल्व्ह दोन... पार छत्तीसपर्यंत! या हुशारीबद्दल त्यानं तीन महिने स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

आता तीच पाठ घामानं चिंब झाली. एकतिसावा मुलगा पसंत पडला होता. इरोडचा, शाळामास्तर. गुरुवारी साखरपुडा. सासऱ्याला पोलीस घेऊन गेले तर साखरपुड्याला कोण उभं राहील?

चार वाजता पूंगोडी कॉफीला गेली. तंगवेलू तिच्या खुर्चीत बसला, छत्तीसच्या छत्तीस व्हॉल्व्ह पुसून टाकले, कंप्युटरला विभूती लावली आणि उठला. रविवारी मरुदमलैच्या देवळाच्या सगळ्या पायऱ्या चढून मुरुगनला डोकं भादरायचा नवस बोलला. सोमवारी आला तो जवळजवळ शांत मनानं.

चेन्नईहून आल्या होत्या अंबुजम मॅडम. पिकलेले केस, सुती साडी, स्वतःच्या कॉफीचा थर्मास, आणि बोलणं असं की एक शब्द खर्च झाला की दुसरा जपून काढायचा. त्यांनी सगळ्यांना मोठ्या टेबलाभोवती बसवलं.

"पूंगोडी कोण?"

"मी, मॅडम."

"तुमच्या कंप्युटरवरून तीन महिन्यांत छत्तीस व्हॉल्व्ह बाहेर गेले. सगळे पोल्लाचीला, सगळे जेवणाच्या सुट्टीत. शुक्रवारी नोटीस वाचली आणि चार वाजता ते पुसले गेले. ज्यानं काही केलं नाही, तो पुसेल कशाला?"

तंगवेलूनं पुसलं ते लपावं म्हणून, आणि झालं भलतंच! शिवाय अडकली कोण, तर पूंगोडी! दोन लेकरं एकटीनं वाढवणारी, पुढच्या महिन्यात नोकरीत कायम होणारी, रोज आपल्या डब्यातला लिंबूभात "घ्या अण्णा" म्हणून पुढे करणारी पूंगोडी!

"मॅडम, मुलांची शप्पथ, मला यातलं काही माहीत नाही!"

"पासवर्ड कुणाला सांगितला होता?"

"कुणालाच नाही, मॅडम. फक्त सरस्वतीला."

"ही सरस्वती कुठल्या खात्यात असते?"

वरदराजन साहेब खाकरले आणि मॅडमना तसबिरीपाशी घेऊन गेले. मॅडमनी ताटातल्या चौदा पिवळ्या चिठ्ठ्या पाहिल्या. एक उचलून वाचली, दुसरी वाचली, आणि चष्मा काढून पुसला.

"तीस वर्षं मी चौकशा करते आहे," त्या म्हणाल्या. "असं कुठे पाहिलं नाही. कल्पना कुणाची?"

तेरा माना एकदम तंगवेलूकडे वळल्या.

"मा... माझी, मॅडम."

"म्हणजे चौदापैकी कुणीही असू शकतं," मॅडम परत येऊन बसल्या. "पण मेल पूंगोडीच्या नावावरून गेलेत. पुसलेल्या फायली परत आणायचं काम चालू आहे, अर्ध्या तासात दिसतील. तोपर्यंत पूंगोडीला कामावरून दूर ठेवावं लागेल. पोलिसांनाही कळवते."

त्यांनी फोन उचलला. पूंगोडी रडत तंगवेलूकडे वळली. "अण्णा, तुम्ही तरी सांगा ना यांना! तुम्ही मला ओळखता!"

तंगवेलूच्या डोळ्यांपुढे गुरुवार आला, इरोडचे मास्तर आले, दारात पोलिसांची जीप आली. गप्प बसलं तर निभेल असं मन सांगत होतं. अर्धा तास! पण त्याच वेळी सकाळचा लिंबूभात घशाशी आला. असा भित्रा माणूस आपल्यात राहतो याची त्याला विलक्षण लाज वाटली.

"मॅडम!" तो ओरडलाच. "ते व्हॉल्व्ह नाहीत!"

"मग?"

"मुलगे आहेत!"

मॅडमनी फोन खाली ठेवला. तंगवेलूनं मग सगळंच सांगून टाकलं, कयलविळीपासून विभूतीपर्यंत.

"फायली आल्या की कळेल," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि मग तंगवेलूला तेवीस नंबर आठवला. देवा मुरुगा! त्यानं दुसरा नवस बोलायला तोंड उघडलं, तोवर भिंतीवरच्या पडद्यावर पहिली पत्रिका उमटली. खाली तंगवेलूचा शेरा: 'पोरगा बरा. विनाकारण हसतो.' व्हॉल्व्ह सात: 'फोटोत टोपी. टक्कल असणार.' कुणीतरी फिस्सकन हसलं. व्हॉल्व्ह एकोणीस: 'तिरुचीचा, बँकेत. दहापैकी आठ पोरुत्तम, म्हणजे गुण, जुळतात. आई फार बोलते. नको.' इथे मॅडम थांबल्या आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. तंगवेलूला वाटलं, लागलं कुठलंतरी कलम!

व्हॉल्व्ह तेवीस: 'वरदराजन साहेबांचा पुतण्या. स्वभाव काकांवर गेलाय. मुळीच नको!'

वरदराजन साहेब छताकडे बघत राहिले.

निकाल संध्याकाळच्या आत लागला. ड्रॉइंगं आपल्या जागी सुखरूप होती. संशय आला होता तो फक्त तंगवेलूच्या फायलींच्या नावांवरून. पूंगोडी निर्दोष. तंगवेलूला चोवीस वर्षांतला पहिला मेमो. सगळ्यांचे पासवर्ड बदलायचे, आणि देवीलासुद्धा सांगायचे नाहीत! चिठ्ठ्या उचलायला कुणी धजेना, तेव्हा मॅडमनीच हात जोडले आणि ताट रिकामं केलं.

"अण्णा," पूंगोडी डोळे पुसत म्हणाली, "उद्यापासून लिंबूभात स्वतःचा आणा." त्याला ते मेमोपेक्षा जास्त लागलं.

निघायच्या आधी मॅडमनी तंगवेलूला एकट्याला आत बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं. तंगवेलूचा उरलासुरला जीव गेला. मेमोनं भागलं नाही तर!

"नंबर एकोणीस," मॅडम वही उघडून म्हणाल्या.

"चुकलो, मॅडम! त्या बाई फार बोलतात असं नुसतं कानावर आलं होतं..."

"बोलू देत. माझी मुलगीही काही मुकी नाही. निभेल." त्यांनी दाराकडे एकदा बघितलं. "पत्रिका मिळेल का?"

"लगेच मेल करतो, मॅडम!"

"मेल?" मॅडमचे डोळे असे मोठे झाले की तंगवेलू भिंतीला टेकला. "हातानं लिहून द्या!"

मग तंगवेलूनं तिथेच बसून ती अख्खी पत्रिका उतरवून दिली. कागद ऑफिसचा होता, पेन ऑफिसचं होतं आणि वेळही ऑफिसचीच होती.