दुसऱ्याच्या मनगटावरची हजेरी

रुग्णालयाने दिलेला पट्टा टाइमकीपरने तिसऱ्याच दिवशी मनगटावरून काढला आणि बायकोपुढे धरला.

"हा तू घाल."

"मी? अहो, दुखणं तुमचं आणि पट्टा माझ्या हातात?" भांडी विसळता विसळता बायको म्हणाली.

"मला खाज सुटते. आणि हात म्हणजे हात. यंत्राला काय कळतंय कोणाचा आहे ते?"

बायकोचे हात ओले होते. वाद घालायचा तर ते पुसावे लागले असते, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता. तिने मनगट पुढे केलं.

पट्टा दिसायला साधा, काळा. नाडी मोजायचा, पावलं मोजायचा, झोपही मोजायचा आणि सगळे आकडे परस्पर रुग्णालयात पाठवायचा. तिथे एका पडद्यासमोर एक नर्स बसायची. तिच्या नावावर तीनशे बारा म्हातारी माणसं होती. डॉक्टर दोन, आणि आणायला-पोचवायला गाडी एकच. म्हणून ही सोय. माणसांनी घरीच राहावं, आकडा लाल झाला तरच यावं. टाइमकीपरच्या हृदयाची तक्रार किरकोळ होती. औषध थोडं, चालणं पुष्कळ. रोज पाच हजार पावलं. दोन महिने आकडे चांगले आले की दर सोमवारची रांग सुटणार होती. ती रांग म्हणजे पाठ मोडणाऱ्या खुर्च्यांवर पाच तास.

पण टाइमकीपर जन्मात कधी चालला नव्हता. कारखान्याच्या फाटकाशी काचेच्या खोलीत तो एकतीस वर्षं बसून होता. कामगारांनी यंत्रात आपापलं कार्ड घालायचं, वेळ उठवून घ्यायची आणि आत जायचं. कोणी मित्राचंही कार्ड गुपचूप घातलं की टाइमकीपर काचेवर टकटक करायचा. एकतीस वर्षांत असे एकेचाळीस जण त्याने पकडले. एका फिटरची बायको बाळंत होत होती म्हणून त्याच्या मित्राने त्याचं कार्ड घातलं, तर दोघांनाही चार दिवस घरी बसवलं. "नियम म्हणजे नियम," असं तो तेव्हा म्हणाला होता. कारखाना बंद पडून वर्षं झाली तरी लोक त्याला टाइमकीपरच म्हणत. काही आदराने, काही नुसतेच.

आठवड्याने नर्सचा फोन आला.

"काका, कमाल केलीत! रोज चौदा हजार पावलं! माझ्या तीनशे बारांत तुम्ही पहिले."

"सवय आहे, सिस्टर," टाइमकीपर पलंगावर कूस बदलत म्हणाला.

"तुमचं नाव फळ्यावर लिहितेय. आदर्श रुग्ण म्हणून."

सोमवारी रांगेच्या आधी तो मुद्दाम फळा बघायला गेला. आपलं नाव खडूने ठळक लिहिलेलं पाहून त्याची छाती फुगली. लगेच कान गरम झाले. रांगेतला एक म्हातारा काठी टेकत आला आणि म्हणाला, "तुम्हीच का ते? मी हजाराच्या वर जाऊ शकत नाही हो. गुडघे रडतात. तुम्ही कसं जमवता?" टाइमकीपर म्हणाला, "मनाचा निर्धार लागतो." आणि काठीवाल्याच्या डोळ्याला डोळा न भिडवता घरी आला. त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही. पण पट्टा काही त्याने परत मागितला नाही.

पुढच्या आठवड्यात नर्सचा आवाज बदललेला होता.

"काका, हे जास्त होतंय. सकाळी पाचला सुरू होता ते थेट रात्री दहापर्यंत. मधे बसतच नाही का?"

"बसतो की."

"पट्टा तर नाही म्हणतो. आणि झोप पाच तास? ह्या वयात? उद्यापासून निम्मं करा."

टाइमकीपर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"अगं, जरा कमी चालत जा."

"म्हणजे?"

"म्हणजे निम्मं."

"बरं. मग खालून पाणी कोण आणणार?"

"पाणी आण. पण कमी चालून."

बायकोने त्याच्याकडे नीट पाहिलं. "औषध घेतलंत ना वेळेवर?" तिने विचारलं, आणि कळशी उचलून जिना उतरली.

दोन दिवसांनी पुन्हा फोन.

"काका, एक विचारू? राग मानू नका. तुमची नाडी दिवसातून चार वेळा एकदम उडी मारते. सकाळी साडेसात, दुपारी एक, चारच्या सुमाराला, आणि रात्री आठ. घड्याळ लावल्यासारखी. त्या वेळी घरात काय होतं? कोणी तुमच्यावर ओरडतं का?"

"छे, छे! आमच्या घरात एकदम शांतता."

फोन ठेवला तेव्हा चार वाजायला आले होते. टाइमकीपरला चहाची तल्लफ आली होती. "अगं!" अशी हाक ओठांपर्यंत आली आणि तिथेच अडकली. त्याने बोटांवर वेळा मोजल्या. साडेसातला चहा. एकला जेवण. चारला पुन्हा चहा. आठला जेवण. चारही वेळा तो ह्याच पलंगावरून एकच शब्द ओरडायचा.

मग जुन्या सवयीने त्याने कपाटातली कोरी हजेरीवही काढली आणि दुसऱ्या दिवशी बायकोची नोंद ठेवली. पाच दहा: उठली. पाच वीस: पाणी. सहा: केर. असं लिहिता लिहिता पान संपलं. एकतीस वर्षांत कोणाही कामगाराचं पान एका दिवसात संपलं नव्हतं. वहीत सुट्टीचाही एक रकाना होता. तिथे काय लिहावं म्हणून तो बराच वेळ पेन धरून बसला. शेवटी त्याने वही मिटली आणि उशीखाली सारली. तेव्हाच खरं बोलून टाकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण आदर्श रुग्णाला खरं बोलणं फार अवघड जातं.

शनिवारी सकाळी अकराला नर्सने फोन केला तो घाईतच.

"काका, पडद्यावर तुमचं नाव लाल झालंय. आहात तिथे खुर्चीत बसा. मी समोर बघतेय."

"बसलो."

"बसलात? नाडी एकशे अठ्ठावीस आहे!"

बायको वर गच्चीवर चादरी वाळत घालत होती. टाइमकीपर फोन कानाला लावून जिना चढू लागला. गच्चीच्या ह्या पंचवीस पायऱ्या तो चार वर्षांत चढला नव्हता.

"काका, तुम्ही धापा टाकताय!"

"बसूनच टाकतोय, सिस्टर."

गच्चीवर बायको पिळलेल्या चादरीचं एक टोक दातात आणि दुसरं हातात धरून उभी होती. त्याने फोनवर हात ठेवून खूण केली. खाली बस.

"काय झालं? पोटात दुखतंय का?"

"बस म्हणतो ना!"

"ओल्यात कशी बसू?"

"काका," फोनमधून आवाज आला, "कोणाला बसवताय?"

"स्वतःला."

"ऐका. ठोके सरळ पडत नाहीयेत. मधलाच एखादा गळतोय. गाडी पाठवतेय."

"गाडी नको हो! मी ठणठणीत आहे!"

"गाडी निघाली."

बायकोने एक हात छातीवर ठेवला होता. "उन्हाने जरा थकल्यासारखं होतंय," ती म्हणाली. शहाण्या माणसाला तेवढ्यावरच सगळं कळलं असतं. टाइमकीपरलाही कळलं. पण त्याच्या डोळ्यांसमोर तिच्या चेहऱ्याच्या आधी तो फळा आला, हे त्याला पुढे कधी विसरता आलं नाही.

"लोक येतायत," तो म्हणाला. "मी आजारी आहे."

"तुम्ही? कधीपासून?"

"आत्तापासून. आणि पट्ट्याबद्दल बोलू नकोस."

दहा मिनिटांत गाडी आली, तोवर दोघं खाली घरात आली होती. दोघं जण स्ट्रेचर घेऊन वर आले. पुढच्याने घाम पुसत मान वर केली आणि टाइमकीपरने त्याला ओळखलं. तो फिटर होता. बायकोच्या बाळंतपणात ज्याचं कार्ड मित्राने घातलं होतं, तोच. आता गाडी चालवत होता.

"टाइमकीपरसाहेब! तुम्ही होय? झोपा, झोपा. काळजी करू नका."

त्याने अशी माया दाखवली नसती तर बरं झालं असतं. टाइमकीपर मुकाट्याने स्ट्रेचरवर आडवा झाला. त्याला पट्ट्यांनी बांधलं, उचललं आणि वरात जिन्यावरून निघाली. मागे बायको. तिच्या हातात त्याची पिशवी, पाण्याची बाटली, चपला, चष्म्याचं घर आणि औषधांचा डबा. ड्रायव्हरच्या खिशातला फोन चालू होता आणि नर्स त्यातून बोलत होती.

"अजून वाढतंय! पेशंटला हलवू नका, थांबा!"

जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर खाली ठेवलं. ड्रायव्हरने टाइमकीपरच्या मानेला बोटं लावली. "सिस्टर, इथे तर छान चालू आहे."

"अगं बाई, गॅस चालू राहिला वाटतं," असं म्हणत बायको सामानासकट पुन्हा वर पळाली.

"आता तर एकदम चढलं!" फोन ओरडला. "एकशे चाळीस! तुम्ही नक्की काय करताय तिकडे?"

"काही नाही हो! पेशंट पडून आहे लाकडासारखा!"

"श्वास?"

"घेतोय. डोळे मात्र घट्ट मिटलेत."

डोळे दुखण्याने मिटले नव्हते. खरं घशाशी आलं होतं, पण वर पाहिलं की फिटरचा चेहरा होता. टाइमकीपरने मनात एक ते एकेचाळीस मोजायला सुरुवात केली. सतराला पोचला तेव्हा वर काहीतरी आपटलं. चष्म्याचं घर एकेक पायरी उतरत आलं आणि त्याच्या खांद्याशी थांबलं. त्यामागून चपला आल्या.

बायको वरच्या पायरीवर बसली होती. चेहरा कागदासारखा पांढरा.

"काही नाही," ती म्हणाली. "जरा चक्कर आली. तुम्ही व्हा पुढे. मी येते चालत."

टाइमकीपरने पट्टे ओढून काढले आणि तो उठून बसला. "मला काही झालेलं नाही," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "पट्टा तिच्या हातात आहे. पहिल्यापासून. मी एक पाऊलसुद्धा चाललो नाही."

फिटरने वर बायकोच्या मनगटाकडे पाहिलं. मग टाइमकीपरकडे.

"म्हणजे कार्ड तुमचं," तो सावकाश म्हणाला, "आणि कामावर ह्या."

टाइमकीपरने मान खाली घातली.

"बाकीचं नंतर बोलू. आधी उठा तिथून, साहेब. वहिनींना झोपवू द्या."

गाडीत मागे बायकोजवळ मदतनीस बसला. टाइमकीपरला पुढे ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. मांडीवर चपला आणि चष्म्याचं घर घेऊन तो बसला. दोन चौक मागे पडले.

"तुला तेव्हा मुलगी झाली होती ना?" त्याने विचारलं.

"हो. तुम्ही चार दिवस घरी बसवलंत, ते तिच्याजवळच बसलो. शिक्षेचं वाईट वाटलं नाही मला." फिटरने गाडी वळवली. "मी वेळेवर पोचलो होतो, साहेब. आता तुमचं बघू."

ते पोचले. बायकोच्या हृदयाचे ठोके बऱ्याच महिन्यांपासून चुकत असावेत, असं डॉक्टर म्हणाले. पट्टा नसता तर कळलंच नसतं. ह्या वाक्याचा आधार घ्यावा असं टाइमकीपरला क्षणभर वाटलं, पण तेवढ्यात नर्स समोर आली. तिचे डोळे लाल होते. ते रागाने की जागरणाने, सांगता आलं नसतं.

"गाडी तुमच्या जिन्यात उभी होती तेव्हा एका आजींना शेजाऱ्यांनी हातगाडीवर घालून आणलं," ती म्हणाली. "त्या बऱ्या आहेत. पण तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

"सिस्टर, ते फळ्यावरचं नाव..."

"मला वेळ नाही, काका. तुम्हीच पुसा."

फळ्यासमोर सगळी रांग बसली होती. पहिल्या खुर्चीत काठीवाला म्हातारा. टाइमकीपरने खिशातला रुमाल काढला आणि आपलं नाव पुसायला घेतलं. खडू पक्का बसला होता. निघता निघेना. रांगेतल्या सगळ्या डोळ्यांचं ओझं त्याच्या पाठीवर पडलं.

"का हो? हजार पावलांवर आलात की काय?" काठीवाल्याने मायेने विचारलं.

"नाही," टाइमकीपर म्हणाला. "शून्यावर."

चौथ्या दिवशी बायको घरी आली. एक गोळी, एक महिना विश्रांती, आणि पट्टा आता तिच्या स्वतःच्या नावाने. टाइमकीपरला दुसरा मिळाला, आणि सोमवारची रांग तशीच राहिली. पाणी तो आणू लागला. पहिल्या दिवशी दोन कळश्या आणि तीन विश्रांत्या. रोज सकाळी साडेसातला तो चहा करायचा, आणि "अगं" हा शब्द त्याने तोंडातून हद्दपार केला होता.

तिसऱ्या आठवड्यात नर्सचा फोन आला.

"काकूंचे आकडे छान आहेत. फक्त सकाळी साडेसातला नाडी अजून चढते. काका, खरं सांगा. ओरडता का?"

"आईशपथ नाही, सिस्टर! आवाज नाही की हाक नाही. चहासुद्धा मीच करतो."

"म्हणूनच चढते, सांगा त्यांना!" आतून बायकोचा आवाज आला. "काल पातेलं करपवलं, परवा साखरेच्या डब्यात मीठ भरलं! इथे पडल्या पडल्या सगळं ऐकू येतं मला!"

नर्स पहिल्यांदाच हसली. हसत हसत तिने फोन ठेवला, कारण तिला अजून तीनशे अकरा माणसं बघायची होती.

टाइमकीपरने चहाचा कप बायकोच्या उशाशी ठेवला. मग वही उघडली. आता एका पानावर त्याचं स्वतःचं नाव होतं, आणि रोजच्यासारखं त्याने त्यापुढे टाचणीसारख्या अक्षरात 'हजर' लिहिलं. बायकोने चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि मान उंचावून वहीत पाहिलं.

"हजर कसलं?" ती म्हणाली. "उशिरा लिहा."

टाइमकीपरने 'हजर' खोडलं, आणि 'उशिरा' लिहिलं. मग वरच्या सगळ्या ओळी तशाच दुरुस्त करायला घेतल्या.