छान म्हणायचं नाही

आमच्या शेजारच्या परबकाकांबरोबर मुंबई बघायला जायचं असेल तर एकच अट असते. दिवसभर काहीही खा, पोट फुटेस्तोवर खा, पण खाल्ल्यावर 'छान' म्हणायचं नाही. 'मस्त', 'भारी', 'एक नंबर' हेसुद्धा चालत नाही.

"छान म्हणजे काय?" काका विचारतात. "छान हवा असते. तू वडा खाल्लास ना? मग वड्याबद्दल बोल."

माझा ऑफिसातला एक मित्र इंदूरहून आला होता. मी मोठ्या कौतुकाने त्याला काकांच्या हवाली केलं. दादरला गरम वड्याचा घास घेऊन तो डोळे मिटून 'ऑसम' म्हणाला. काकांनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं, तोंडातला घास संपू दिला, मग त्याला आमच्या चाळीकडे जाणाऱ्या परळच्या बसमध्ये बसवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "ह्यांना भोईवाड्याला उतरवा. बरं नाहीये त्यांना." मित्र तासाभरात आमच्या दारात. आपलं काय चुकलं ते त्याला आजतागायत कळलेलं नाही.

माझ्या मेहुण्याचं थोडं बरं झालं. गिरगावात पियुष पिऊन तो म्हणाला, "गोड आहे." काका म्हणाले, "हां, हे निदान उत्तर आहे. पस्तीस मार्क. पण जायफळ आधी लागलं की वेलची?" मेहुणा म्हणाला, "काका, मी आयटीत आहे." त्यालाही चौपाटीवरून परत पाठवण्यात आलं.

परबकाका पंचाहत्तरीच्या आसपासचे. मूळचे मालवणकडचे, तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका छापखान्यात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. अंगात पांढरा हाफ शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि पंचा. चाळीत कुणाकडेही पाहुणा उतरला की शनिवारी संध्याकाळी काका चौकशीला हजर. "उद्या काय करताय? मुंबई दाखवतो." रविवारी सकाळी सुरुवात गिरगावातून, मग चौपाटी, प्रभादेवी, दादर, आणि शेवट लालबागला. प्रत्येक ठिकाणी काहीतरी बघायचं, काहीतरी खायचं आणि जे खाल्लं त्याची जबानी द्यायची. स्वतः काका काही खात नाहीत. समोर हात बांधून बसतात आणि खाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतात. चघळणाऱ्याला कसं अवघडल्यासारखं होतं ते मला विचारा. मी अशा तीन-चार सहलींत पिशवी धरायला होतो.

आणि या सगळ्याच्या पुढे एक 'शेवटचा पॉइंट' असे. लालबागच्या पुढचा. तो कुठे आहे ते काका सांगत नसत. "पास झालास तर नेईन," एवढंच म्हणत. कुणीच पास होत नसे.

म्हातारा चक्रम आहे असं कुणालाही वाटेल. तो आहेच. पण चाळीत आम्हाला सगळ्यांना त्यामागचं कारण ठाऊक होतं, आणि म्हणून कुणी हसलं तरी जपून हसायचं.

मोठ्या साथीत काकांना ताप आला. ताप गेला, पण जाताना त्यांच्या नाकातला वास घेऊन गेला. तो परत आलाच नाही. मीठ कळतं, आंबट कळतं, तिखट झोंबतं, पण बाकी सगळं पुसलेलं. काका म्हणतात, "वडा खाल्ला तर मीठ लागतं, तिखट लागतं, गरम लागतं. फक्त वडा लागत नाही." डॉक्टर म्हणाले, कधीकधी वास परत येतो, धीर धरा. काका धीर धरून बसले. आणि वर्षभरात परबकाकी गेली.

काकीबद्दल सांगायचं तर आधी तिच्या फोडणीबद्दल सांगायला हवं. दरवर्षी उन्हाळ्यात ती लालबागच्या मसाला गल्लीतून मिरच्या, धणे आणि गरम मसाल्याचं सगळं सामान आणायची, गच्चीवर वाळवायची, घरी भाजायची आणि परत लालबागला नेऊन डंकावर कुटून आणायची. प्रमाण तिच्या हातात होतं. ना कुणाला सांगितलं, ना कुठे लिहिलं. संध्याकाळी तिने तेलात तो मसाला टाकला की आमचा आख्खा मजला खोकायला लागायचा. मी परीक्षांचे अभ्यास खोकत खोकत केलेत. आमची आई कोल्हापूरकडची. ती भिंतीपलीकडून ओरडायची, "अहो वहिनी, दार लोटा की!" काकीचे हात चुलीपाशी अडकलेले असत, म्हणून काका उठायचे, दार लोटायचे आणि आतून उत्तर द्यायचे, "लोटलं, लोटलं!" हे रोज व्हायचं. आईने ओरडणं सोडलं नाही आणि काकीने आधी दार लोटून मग फोडणी देणं काही शिकून घेतलं नाही.

काकी गेली त्या उन्हाळ्यातही तिने मसाला केला होता. ती बरणी राहिली. काकांनी तीतला चमचाभरसुद्धा वापरला नाही. त्यांचा हिशेब साधा होता: आज ना उद्या नाक परत येईल, आणि येईल तेव्हा पहिला वास त्या बरणीचा घ्यायचा. पण मसाल्याचा वास उडतो, हे काकांनाही माहीत होतं. नाक येईपर्यंत तो टिकणार का? आहे की गेला? बरणी उघडून नाक खुपसलं तरी त्यांना ते कळणार नव्हतं. दुसऱ्याच्या नाकावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता.

पहिल्यांदा त्यांनी ठाण्याला राहणाऱ्या मुलीला विचारलं. तिने बरणी हुंगली आणि म्हणाली, "छान आहे हो बाबा. अगदी तसाच." मग आमच्या आईला विचारलं. आई म्हणाली, "छान आहे की, भाऊ!" दोघीही त्यांची नजर चुकवत म्हणाल्या. त्या दिवसापासून काकांनी 'छान' या शब्दावर बंदी घातली आणि ते दर रविवारी खरं बोलणारं नाक शोधायला बाहेर पडू लागले.

यंदा आमच्याकडे आक्कामावशी आली. ही माझ्या आईची थोरली बहीण. मुक्काम पोस्ट कोल्हापूर, स्वभावाने फटकळ, आणि आयुष्यात कशालाही पटकन चांगलं म्हटल्याची नोंद नाही. माझ्या लग्नात जेवून उठल्यावर व्याह्यांना म्हणाली होती, "मठ्ठा पातळ हुता." शनिवारी संध्याकाळी काका नेहमीप्रमाणे दारात आले आणि मला वाटलं, आता खरा सामना बघायला मिळणार. पिशवी धरायला मी आपणहून गेलो.

गिरगावात मिसळ आली. मावशीने एक घास घेतला, चमचा खाली ठेवला.

"ही मिसळ हाय व्हय? ही तर आमटी. चुकून फरसाण पडलंय त्यात."

मी मालकाकडे बघून ओशाळं हसलो. काका मात्र खुर्चीत पुढे सरकले. "पुढे बोला."

"काय बोलू? गूळ घातलाय. लपवायला चिंच घातलीया. आन् लसूण करपलाय."

मग पियुष आलं. मावशीने घुटका घेतला, तोंडात घोळवला. "जायफळ आधी येतंय, वेलची मागनं. केशर नुस्तं दाखवायला."

काकांनी पंच्याने कपाळ पुसलं. चौपाटीवर ते मावशीला नेहमीसारखं समुद्राचं काही सांगत बसले नाहीत, नुसतं विचारलं, "आक्का, वास कसला येतोय?" मावशी म्हणाली, "घाण." काका म्हणाले, "ती असणारच. आणखी?" मावशीने नाक वर केलं. "मासळीचा. भिजलेल्या दोराचा. आन् पलीकडं कुणीतरी कणीस भाजतंय, त्याला लिंबू चोळलंय." काका डोळे मिटून उभे राहिले. मला पहिल्यांदाच कळलं की हा माणूस इतके रविवार परीक्षा घेत होता, तो उपाशीपोटी. त्याला ती जबानी जेवायची होती.

प्रभादेवीला देवळापुढची रांग बघून आम्ही कळसाला हात जोडले आणि पुढे निघालो. दादरच्या फुलबाजारात मावशीने एका फुलवाल्याचा मोगरा कालचा असल्याचं मोठ्याने जाहीर केलं. तो भडकला. "ओ मावशी, सकाळचा माल आहे!" मावशी म्हणाली, "वरचा सकाळचा. खालचा कालचा." त्याने गुपचूप वरची फुलं खालच्यांवर आणखी पसरली. काकांनी मात्र त्याच मोगऱ्याचा गजरा विकत घेतला आणि मावशीला दिला. आक्कामावशी लाजलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

लालबागच्या मसाला गल्लीत शिरलो तेव्हा डंक चालू होते. हवेतच तिखट. मी शिंकलो, मावशी शिंकली आणि काका तर सटासट शिंकायला लागले. शिंकता शिंकता हसत होते.

"भाऊ, तुमाला तर वास येत न्हाई म्हणं?"

"वास नाही येत. पण मिरची झोंबते!" काका डोळे पुसत म्हणाले. "डॉक्टरने सांगितलंय, तिखट वेगळ्या वाटेने जातं. माझा मोठा रस्ता खोदून ठेवलाय, पण गल्लीतून वाहतूक चालू आहे. इथे आलो की बरं वाटतं. नाक अजून मेलं नाही, एवढं तरी कळतं."

मग ते गंभीर झाले. पिशवी माझ्याकडून घेऊन स्वतःच्या खांद्याला लावली. "आक्का, आता घरी चला. माझ्या घरी. शेवटचा पॉइंट राहिलाय."

सकाळपासून मी मावशीची मजा बघत होतो, आता तिच्याच जिभेची भीती वाटायला लागली. वाटेत मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. बरणी, काकी, 'छान'वरची बंदी. "मावशी, कसाही असला तरी वास आहे म्हण. तुझ्या पाया पडतो." मावशीने डोक्यातला गजरा नीट केला आणि ती पुढे चालू लागली.

काकांच्या खोलीत फळीवर, काकीच्या फोटोशेजारी, चिनी मातीची बरणी होती. तोंडाला धुवट कापड, त्यावर सुतळी. काकांनी ती दोन्ही हातांनी उतरवली, गाठ सोडली, झाकण काढलं आणि मावशीसमोर धरली.

"खरां सांगा, आक्का. छान म्हणू नका."

मावशीने हुंगलं. पुन्हा हुंगलं. मी तिच्याकडे डोळे वटारून बघत होतो. तिने माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे.

"हिंगाचा वास येतोय."

"आणि?"

"हिंगाचाच."

काकांनी वाकून बरणीत बघितलं. "हिंग मी घालतो," ते म्हणाले. "दर पावसाळ्याआधी. कीड लागू नये म्हणून."

"मसाल्याचा गेलाय, भाऊ. रंग हाय, वास न्हाई राहिला."

मला मावशीचा असा संताप आला की तिला पुढच्या गाडीने कोल्हापूरला धाडावंसं वाटलं. दोन शब्द खोटं बोलली असती तर काय बिघडलं असतं? काका कॉटवर बसले. रडले वगैरे नाहीत. मान हलवत राहिले, मनातलंच कुणी बोलून दाखवल्यासारखे.

"शेवटचं वर्षभर ती रांधत होती," ते म्हणाले, "आणि मी नुसता चावत होतो. रोज विचारायची, कसं झालंय? मी म्हणायचो, छान."

मग आक्कामावशीने पदर खोचला.

"कांदा हाय का घरात?"

"काय?"

"कांदा. आन् कढई. मसाला काय देव्हाऱ्यात बसवायचा असतोय व्हय? तिनं खायला केलता."

काकांचा हात बरणीकडे गेला, तिच्या तोंडावर टेकला आणि तसाच राहिला. मग त्यांनी हात काढून घेतला. मावशीने कांदा चिरला, तेल तापवलं, कांदा लाल झाला आणि तिने बरणीतला चमचाभर मसाला कढईत टाकला.

पहिला मी खोकलो. मग मावशी. धूर बारीकच होता, पण घशात असा घुसला की मी गॅलरीच्या दाराशी पळालो. काका मात्र उठून कढईपाशी गेले. अगदी वाकून उभे राहिले. खोकून खोकून लाल झाले, डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या, मावशीने ओढलं तरी मागे सरेनात.

"ह्यो तिचोच," ते खोकत म्हणत होते. "गे आक्का, ह्यो तिचोच ठसको!"

तेवढ्यात भिंतीपलीकडे आमच्या घरात कुणीतरी खोकलं. आई होती. तिला काही कल्पना नव्हती. खोकता खोकताच, इतक्या वर्षांच्या सवयीने, ती नेहमीसारखी ओरडली, "अहो वहिनी, दार लोटा की!"

आणि मग पलीकडे एकदम चिडीचूप झालं.

मावशीने गॅस बारीक केला. मी काकांकडे बघायचं टाळलं. काकांनी पंच्याने तोंड पुसलं, माझ्या बाजूने जाऊन दार लोटलं आणि भिंतीकडे तोंड करून, घसा बसलेल्या आवाजात उत्तर दिलं.

"लोटलं, लोटलं!"