आधी पाणी घ्या

मगदूम आप्पांच्या दारातून कोणी कोरड्या घशाने परत गेल्याचं आमच्या गल्लीला माहीत नाही. कुरियरवाला असो, सिलेंडरवाला असो, नाहीतर मीटरचा आकडा टिपायला आलेला माणूस असो. आप्पा दार उजव्या हाताने उघडतात, कारण डाव्या हातात तांब्या असतो. तुम्ही कोण, कोणाकडे आलात, हे प्रश्न नंतर. "आधी पाणी घ्या, पावणं." घेतलं की, "अजून घ्या की." तुम्ही "बास, बास" म्हणालात तर आप्पा मनापासून दुखावतात. "बास म्हणायचं न्हाय आमच्यात," असं बजावून फुलपात्र पुन्हा काठोकाठ भरतात. पत्ता चुकलेले एक गृहस्थ एकदा त्यांच्या तावडीत सापडले. चार फुलपात्री पाणी पिऊन ते डुलत डुलत बाहेर पडले आणि पत्ता विचारायचा राहिलाच.

राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत आप्पा खाली आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. माझा गणिताचा क्लास घरीच चालतो आणि वर यायचा जिना आप्पांच्या दारावरून जातो. म्हणजे माझे सगळे विद्यार्थी ज्ञान घेण्याआधी पाणी घेऊन येतात. अर्ध्या तासाने एकेक करंगळी वर व्हायला लागते. त्रिकोणमिती शिकवताना माझ्यासमोर जितक्या करंगळ्या उभ्या असतात, तितके हात उत्तर द्यायला कधीच वर झालेले नाहीत. मी तक्रार करायला खाली गेलो आणि दोन फुलपात्री पिऊन वर आलो.

या पाण्याच्या वेडाचं कारण मी फार पूर्वी शोधून काढलं होतं. गणिताचा माणूस आहे, कारणाशिवाय राहवत नाही. आप्पा हयातभर एका साखर कारखान्यात बॉयलरवर होते. बॉयलरला एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते त्या नळीत बाहेरून दिसतं. पाणी खुणेच्या खाली गेलं तर बॉयलरच्या आणि बॉयलरवाल्याच्या चिंधड्या. तेव्हा आप्पांनी सगळी नोकरी काय केली, तर काचेकडे बघितलं. रिटायर झाल्यावर बॉयलर तिकडेच राहिला, पण नजर ते बरोबर घेऊन आले. माणूस समोर आला की आधी त्याच्या तोंडाकडे निरखून बघायचं आणि सांगायचं, "मास्तर, पातळी उतरलीया तुमची." हे माझं संशोधन मी येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या ऐटीत ऐकवत असे.

महापुरात तर त्यांनी कमाल केली. खालच्या भागातले लोक आमच्या गल्लीतल्या शाळेत आणून ठेवले होते. कमरेइतक्या पाण्यातून पोरंबाळं खांद्यावर घेऊन आलेली माणसं. आप्पा फाटकात तांब्या घेऊन उभे. एक जण वैतागून म्हणाला, "अवो, दोन दिस झालं पाण्यातच हाय की मी!"

"ते अंगावरचं," आप्पा म्हणाले. "पोटात काय हाय?"

तो मुकाट्याने प्यायला. नळ बंद पडून प्यायच्या पाण्याची बोंब झाली, तेव्हा सगळ्या गल्लीने आप्पांच्या घरातल्या घागरींवर आठवडा काढला, हे मी कबूल करतो. पण संशोधन काही बदललं नाही.

आता चाफ्याबद्दल.

आप्पांच्या गॅलरीत एका भल्यामोठ्या कुंडीत पांढरा चाफा होता. त्यांची बायको, पारूआक्का, आम्ही इथे राहायला यायच्या आधीच गेली. तिने माहेराहून, आजऱ्याकडून, फांदी आणून लावली होती आणि रोजच्या लिंगपूजेला त्याचंच फूल घ्यायची, एवढं आम्ही ऐकून होतो. आक्काबद्दल आप्पा कधी बोलत नसत. चाफ्याशी मात्र बोलत. "घे की. लाजू नगंस," असा आवाज सकाळ-संध्याकाळ वर ऐकू यायचा आणि पाठोपाठ तांब्या रिकामा होण्याचा.

थंडीत चाफ्याची पानं गळतात. सगळ्याच चाफ्यांची गळतात. झाड झोपतं, त्याला पाणी नको असतं. पण आप्पांना उघडं झाड बघवेना. पानं गळाली म्हणजे तहान लागली, हा त्यांचा हिशोब. त्यांनी तांब्या ठेवून बादली उचलली. शिमगा झाला, गल्लीतल्या सगळ्या चाफ्यांना कोंब फुटले, आणि आप्पांचा चाफा काळवंडून तिरका झाला. तेव्हा ते पहिल्यांदा आमच्या दाराशी आले, तेही तांब्याशिवाय.

"वैनी हायत का?" त्यांनी विचारलं. "जरा खाली या म्हणावं. झाडाचं काय खरं दिसंना."

झाडांतलं आमच्याकडे माझ्या बायकोला, वैशालीला, कळतं. मला कोथिंबीर आणि मेथी वेगळी काढता येते एवढंच. आम्ही दोघं खाली गेलो. वैशालीने बुंधा बोटाने दाबला, तर बोट पिकल्या केळ्यात जावं तसं आत गेलं आणि काळं पाणी बाहेर आलं. वास असा की मी बघण्याचं काम गॅलरीच्या दारातूनच केलं.

"मुळं कुजलीत आप्पा. बुंधाही. कुंडीतून पाणी बाहेर जात नाही का?"

"जाईल कसं?" आप्पा अभिमानाने म्हणाले. "तळाला भोक व्हतं. सगळं पाणी वाया जायाचं. मी लीकेज काढलं की!"

काढलं म्हणजे त्यांनी भोक रंगाऱ्याची लांबी भरून पक्कं बंद केलं होतं. एवढ्यावर थांबले असते तर ते आप्पा कसले? कुंडीच्या पोटाला खाली एक छिद्र पाडून त्यांनी पारदर्शक नळी बसवली होती. ती बाहेरून उभी वर नेलेली आणि तिच्यावर लाल रंगाची खूण. नळीतलं पाणी खुणेच्या खाली उतरलं की बादली. चाफ्याला बॉयलर करण्याचा हा भारतातला पहिलाच प्रयोग असावा. कारागिरी इतकी सुबक होती की झाड मेलं तरी कुंडी फुटण्याची भीती मुळीच नव्हती. मी तसं बोलून दाखवलं. एरवी असल्या बोलण्यावर आप्पा "मास्तर, चावट हायसा" म्हणून हसतात. त्या दिवशी हसले नाहीत.

"जगंल का?" ते वैशालीला म्हणाले.

"एक फांदी टणक लागतेय. तेवढीच वाचली तर वाचली."

मग ऑपरेशन झालं. आमच्या स्वयंपाकघरातली सुरी गॅसवर तापवून घेतली. आप्पांनी दोन्ही हातांनी फांदी धरली. वैशाली खालून एकेक चकती कापत गेली. काळी, मग तपकिरी, मग मध्ये तेवढा डाग. हातभर फांदी उरली तेव्हा आतून स्वच्छ पांढरी चकती निघाली आणि चीक गळायला लागला. आप्पांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला. कापलेल्या तोंडाला चुलीतली राख फासली. (चूल आमच्याकडे नाही. गल्लीच्या टोकाच्या भडंगवाल्याकडून मला राख मागून आणायला लावली. "कशाला पायजे?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पेशंट आहे.)

फांदी सावलीत सुकायला ठेवायची, जखम भरून आली की खाली भोक असलेल्या दुसऱ्या कुंडीत जाड वाळू, विटांचे तुकडे आणि थोड्या मातीत खोचायची. वैशालीने सगळं समजावलं आणि मग शेवटची अट घातली.

"आणि पान फुटेपर्यंत पाणी नाही. थेंबसुद्धा नाही. मूळ नसताना पाणी दिलं की पुन्हा कुजणार, आणि आता दुसरी फांदी नाही."

आप्पांचा चेहरा पडला. "थेंब बी न्हाय?"

"नाही."

"आणि तहान लागली म्हंजे?"

हा माणूस आठवड्याच्या आत फांदी बुडवणार, याबद्दल माझी खात्री होती. म्हणून कुंडी आमच्या गॅलरीत ठेवायचं ठरलं. मी त्याला अॅडमिट करणं म्हणत असे. आप्पा भेटीच्या वेळेला यायचे. क्लास सुटला की जिन्यात पावलं वाजायची. वेताचा मोडा ओढून कुंडीसमोर बसायचे आणि त्या काठीकडे बघत राहायचे. वैशालीने दारातच तांब्या काढून घ्यायचा नियम केला होता. तिने तो काढून घेतला की आप्पांना आपल्या हाताचं काय करावं ते सुचायचं नाही. मांडीवर ठेवायचे, मग मागे बांधायचे. गल्लीला पाणी पाजणं मात्र त्या दिवसांत दुप्पट वाढलं, आणि माझ्या क्लासचा निम्मा वेळ जिन्यातच जायला लागला.

चैत्र तापला. काठी सुरकुतली. मी म्हटलं, आता सरळ विधी उरका. वैशाली म्हणाली, सुरकुतणारच, थांब.

एक दिवस दुपारी मी गॅलरीत गेलो, तर आप्पा काठीवर वाकलेले. धुण्यासाठी भरून ठेवलेल्या बादलीत त्यांनी बोट बुडवलं होतं आणि ते ओलं बोट काठीच्या शेंड्याजवळ नेलं होतं. टेकवलं नव्हतं. बोटाच्या टोकाला थेंब लोंबत होता.

"आप्पा!" मी ओरडलो. "काय ठरलं होतं?"

"पाणी न्हाय देत वो," ते दचकून म्हणाले. "नुसतं ओठ भिजवतो."

"आप्पा, चाफ्याला ओठ नसतात," मी म्हणालो. वाक्य मला आवडलंही होतं. रात्री जेवताना वैशालीला सांगावं असं.

आप्पांनी बोट धोतराला पुसलं. मोड्यावर बसले.

"आमच्या हिचं ऑपरेशन व्हतं," ते म्हणाले. "डॉक्टरनी सांगितलेलं, थेंब न्हाय द्यायचा. बरोबरच हाय की, पोटात पाणी नगं असतंय. ही रात्रीपासनं मागायली. एक घोट द्या की वो, म्हणायली. मी म्हटलं, न्हाय. नियम म्हंजे नियम. नर्सबाईनं कापूस दिल्ता, त्यानं ओठ तेवढं भिजवलं. माझ्याकडं बघत आत गेली ती. बाहेर आलीच न्हाय."

मी कुंडीशेजारी खाली बसलो.

"त्यात कुणाची चूक न्हाय, मास्तर. डॉक्टर बी चांगला व्हता. पण तान्हेली गेली ती."

मग काठीकडे बोट करून म्हणाले, "आता हिला बी न्हाय म्हणायचं. लई अवघड काम दिलंसा बगा तुम्ही मला."

बॉयलरचं संशोधन मी त्या दिवशी मनातल्या मनात मोडीत काढलं. एवढी वर्षं या माणसाच्या हातचं पाणी मी चुकवत आलो, कधी वर नेऊन आमच्या गॅलरीतल्या झाडाला ओतलं, कधी मोबाईलचं निमित्त करून पळालो. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतरही आप्पा रोज येत राहिले आणि त्यांनी पाणी दिलं नाही. वैशालीने तांब्या काढून घेणं सोडून दिलं होतं. तो भरलेला त्यांच्या पायाशी असायचा आणि भरलेलाच परत जायचा.

अक्षयतृतीयेच्या सुमाराला एका सकाळी वैशालीने मला हाक मारली. शेंड्यावर हिरवं काहीतरी होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. दोन दिवसांत त्याचं पान झालं, शेजारी दुसरं आलं. पाय ओढत जिना चढून आप्पा आले, पान पुरतं उलगडल्याचं भर उन्हात दुकानातून परत येतानाच कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. पानाकडे त्यांनी हात न लावता बघितलं.

"देऊ?" त्यांनी विचारलं.

"द्या," वैशाली म्हणाली. "अर्धं फुलपात्र."

तिने भरून दिलेल्या फुलपात्रातून आप्पांनी ओतलं. इतकं हळू की धार मोडत होती. वाळूने पाणी ओढून घेतलं आणि खालच्या भोकातून एक थेंब बाहेर आला. त्यांनी तो पुसला नाही, लीकेजही म्हणाले नाहीत. "घे, पारू," एवढंच म्हणाले आणि अर्ध्यावर बरोबर थांबले.

मग तसेच मोड्यावर बसून राहिले. तोंड उन्हाने सुकलेलं, ओठांवर पांढरे पापुद्रे. मी आत गेलो आणि तांब्या-फुलपात्र घेऊन आलो. त्यांच्या घरी कोणी पाणी विचारणारं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

"आप्पा," मी म्हणालो, "पातळी उतरलीया तुमची. आधी पाणी घ्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फुलपात्र घेतलं आणि एका दमात रिकामं केलं. मी पुन्हा तांब्या वाकवला.

"अजून घ्या की."

आप्पांनी फुलपात्र पुढे धरलं. मी ओतत राहिलो आणि ते बास म्हणाले नाहीत.