एक पाय होडीत

काथोडबाबा होडीतून नेहमी अर्धेच उतरत. उजवा पाय धक्क्याच्या दगडावर, डावा होडीत, पिशवी छातीशी धरलेली, आणि अशा अवघड अवस्थेत ते भिवंडीचे भाव सांगायला लागत. होडी हलायची, बाबांचे पाय फाकायचे, होडीवाला कावायचा. पण कांदे, साखर, रॉकेल, खोलीचं भाडं आणि हजामत एवढं सगळं सांगून होईपर्यंत दुसरा पाय काही बाहेर यायचा नाही.

मी तेव्हा त्या बेटावरच्या एकशिक्षकी शाळेत होतो. ऐंशी सालानंतरची पाच-सहा वर्षं गेली असतील. अंजूरच्या पलीकडे, खाडीच्या मधोमध तीस-पस्तीस घरांची वस्ती. बेटाला काही नाव होतं, पण कुणी घ्यायचं नाही, नुसतं बेट म्हणायचे. मी भिवंडीत राहायचो. रोज सकाळी रिक्षाने अंजूर, तिथून होडी, आणि संध्याकाळी उलट.

पहिल्याच आठवड्यात मी धक्क्यावर उभा होतो आणि बाबा गरजले, "भिवंडीन कांदा पाच रुपये किलो. पाच! आन त्यान बी अर्दा कुजलेला." मी त्याच दिवशी सकाळी दोन रुपयांनी कांदे घेतले होते आणि चांगले कोरडे घेतले होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला कुणीतरी फसवलं. पुढच्या आठवड्यात साखर अशीच फुगली. त्यानंतर न्हाव्याने दहा रुपये घेतले, मिशीचे वेगळे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की फसवणारे बाबाच आहेत.

धक्क्यावर जमलेल्या बायका कपाळाला हात लावायच्या. तिकडं माणसं जगतात तरी कशी म्हणायच्या आणि समाधानाने आपापल्या चुलीकडे वळायच्या. बाबांना नेमकं तेच हवं असायचं. खरी गोष्ट अगदी उलटी होती. महागाई भिवंडीत होतीच, पण बेटावर ती होडीत बसून यायची. भिवंडीचा भाव, त्यावर रिक्षा, त्यावर होडी, आणि वाटेत जे भिजलं-सांडलं ते गिऱ्हाइकाच्या माथी. बेटावर पिकायचा फक्त खाऱ्या जमिनीतला भात आणि बांधावरचे वाल. काडेपेटीपासून कफनापर्यंत बाकी सगळं पाण्यावरून. मे महिन्यात विहिरी मचूळ झाल्या की पाणीसुद्धा.

या महागाईवर बेटाने आपला एक उपाय काढला होता. होडीत माणसाला भाडं, गोणीलाही माणसाएवढंच भाडं, पण मांडीवरच्या पोराला भाडं नाही. हा नियम कुणा पूर्वजाने केला कोण जाणे. लोकांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला, आणि मांडीवर मावेल ते सगळं पोर, असं ठरून गेलं. त्यामुळे होडीत एकेकाच्या मांडीवर रॉकेलचा डबा, शिवणयंत्राचं डोकं, जिवंत कोंबड्या, आणि एकदा तर लग्नातलं अख्खं स्टीलचं पिंप मी पाहिलं आहे. बाबा यात तरबेज. त्यांच्या तोंडी 'ड'चा 'र' होतो, म्हणून होडीची होरी आणि भाड्याचं भारं. मी नवीन असताना पुस्तकांचा गठ्ठा पायाशी ठेवून बसलो, तर त्यांनी तो उचलला आणि माझ्या मांडीवर आदळला. "मास्तर, मांडीवरच्याला भारं न्हाय," म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून दिवसातून एकदा तरी यायचंच.

बाबांची बायको लवकर गेलेली. मुलगा धर्मा, सून आणि नात सुमन एवढंच घर. सुमन माझ्याकडे पहिलीत होती. बाबा तिला मधल्या सुट्टीत बघायला यायचे आणि तुम्हालाच भेटायला आलो असं मला सांगायचे.

एका संध्याकाळी धर्मा शाळेत आला. तरुण, अबोल पोरगा. त्याने विचारलं, "गुरुजी, बा सांगतो त्ये भाव खरे हायत का?"

आता मास्तर माणसाला प्रश्न विचारला की त्याला उत्तर देण्यावाचून राहवत नाही. त्यात मला खरं बोलण्याचा भारी अभिमान. मी फळा पुसला, दोन रकाने पाडले, एकीकडे बेट आणि एकीकडे भिवंडी लिहिलं, आणि खडूने भाव मांडत गेलो. भिवंडीत कापडाच्या लूमवर शिफ्टला काय मिळतं तेही सांगितलं. धर्मा उभ्यानेच वाचत होता. शेवटी तो म्हणाला, बरं. एवढंच.

महिन्याभरात ते तिघे भिवंडीला गेले. पोचवायला बाबाच गेले. सुमन आता काही मांडीवर बसण्याएवढी लहान नव्हती, पण बाबांनी तिला मांडीवर घेतलं, तिचे पाय होडीच्या तळाला टेकत होते. होडीवाल्याने तिचं भाडं मागितलं नाही. संध्याकाळी बाबा परत आले. धक्क्यावर बायका भाव ऐकायला थांबल्या होत्या. बाबांनी दोन्ही पाय एकदम खाली ठेवले आणि कुणाकडे न बघता घरी गेले.

फळ्यावर कुणी काय लिहिलं होतं हे त्यांना माहीत असणारच. बेट केवढं! पण त्यांनी मला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढे कितीतरी वेळा वाटलं.

दोन आठवड्यांनी भाव पुन्हा सुरू झाले, पूर्वीपेक्षा जोरात. फरक एवढाच, की बाबा पूर्वी मंगळवारी जायचे, आता शुक्रवारी जायला लागले. शुक्रवारी भिवंडीचा निम्मा बाजार बंद. मी कारण विचारलं तर म्हणाले, गर्दी नसते. आणखी एक गोष्ट झाली. त्यांच्या ओट्यावर गेलं की ते मला चहा करून द्यायचे, स्वतः मात्र घ्यायचे नाहीत. "चायनं पित्त व्हतंय," एक पाय उचलून ओट्यावर घेत म्हणायचे. ज्या माणसाने मला पहिल्या दिवशी सलग तीन कप चहा पिऊन दाखवला होता त्याला अचानक पित्त कसं झालं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

उत्तर एका शुक्रवारी आपोआप समोर आलं. शाळेला सुट्टी होती, भिवंडीत आमच्या घरामागच्या गल्लीतून जात होतो. एरवी त्या गल्लीत लूमच्या खडखडाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, पण शुक्रवारी सगळे लूम बंद. कामगार घरी. धर्माही घरी. त्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर काथोडबाबा बसले होते, एक पाय आत, एक गल्लीत. पुढ्यात गाठोडं सोडलेलं. तांदूळ, वाल, सुके बोंबील, आणि कागदाच्या पुडीत साखर आणि चहाची पावडर.

"आपले बेटावं साखर खाऊन सरत न्हाय," बाबा सुनेला सांगत होते. "यवरी सस्ती झालीय. तुमी इकरं उगाच जीव जाळताव."

सुनेचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिने विचारलं, "गुरुजी, खरंच का हो?"

बाबा माझ्याकडे बघेनात. ते सुमनच्या वेणीची रिबीन सरळ करत बसले. खरं बोलण्याचा अभिमान असलेला मी म्हणालो, "हो, फार स्वस्ताई आहे." धर्मा भिंतीला टेकून ऐकत होता. फळा त्यालाही आठवत असणार. त्याने साखरेची पुडी उचलून आत ठेवली.

त्या दिवशी मी मुद्दाम बाबांबरोबर अंजूरपर्यंत गेलो. वाटेत धीर करून विचारलं, की बाबा, भाव सांगताना तुम्ही एक पाय होडीतच का ठेवता? ते म्हणाले, "बेटाच्या मातीवं दोनी पाय ठेवून मी कंदी खोटं बोललो न्हाय, मास्तर. बोलनार पन न्हाय." अंजूरला होडी लागली होती. मांडीवर ठेवायला त्या दिवशी त्यांच्याकडे काहीच नव्हतं, रिकामी पिशवी घडी करून त्यांनी तीच मांडीवर ठेवली.

तेव्हापासून मी त्यांना सामील झालो. धक्क्यावर कुणी माझ्याकडे बघितलं की मी मान डोलवायचो. पण माणसं बहिरी नव्हती. ज्याचं पोर लूमवर लागलं त्याला भाव घरबसल्या कळायचे. घरं एक-एक करून बंद होत गेली. एकदा कोपऱ्यावरच्या घरातली मंडळी सामान बांधत होती, चार पोरं, चारही माझ्या शाळेतली. बाबा त्या दिवशी होडीतून आले ते कावरेबावरे होऊन. उजवा पाय दगडावर टेकताच ओरडले, "कांदा चालीस! चालीस रुपये किलो!"

धक्क्यावर जो हशा पिकला तो विचारू नका. कांदा तेव्हा चार-पाच रुपये होता. लोक पोट धरून हसले. सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. बाबा तसेच एक पाय होडीत ठेवून उभे राहिले आणि हसणं संपेपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी त्या घराचं कुलूप लागलं. पुढे कितीतरी दिवस पोरं बाबांना बघून चालीस, चालीस करायची. मग चिडवणारी पोरंही गेली. पट उतरत उतरत सातवर आला, शाळा बंद झाली आणि माझी बदली मानकोलीकडे झाली.

त्यानंतर काही वर्षांनी कांद्याने अख्ख्या देशाला रडवलं ते साल तुम्हाला आठवत असेल. मला चाळीस रुपये किलोने कांदे घ्यावे लागले. पिशवी हातात घेतली आणि मला तो धक्का, ती होडी, ते हसू सगळं आठवलं. घरी न जाता मी रिक्षा केली आणि अंजूर गाठलं.

बेटावर पाच-सहा घरांतून धूर दिसत होता. बाबा धक्क्यावरच बसले होते. गुडघे गेले होते, होडीत चढणं बंद झालं होतं. गाठोडं कुणी ना कुणी भिवंडीला नेऊन द्यायचं. ते मला बघून उठले, काठी टेकत दगडावर उभे राहिले, आणि पिशवीकडे बघून त्यांनी जुन्या सवयीने विचारलं, "कांदा काय भाव?"

मला वाटलं होतं, हे सांगताना मजा येईल. पण ती आली नाही. म्हणालो, "चाळीस."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. काथोडबाबा हसले नाहीत. एवढी वर्षं लोकांनी ज्यावरून चेष्टा केली ते खरं झालं होतं, पण त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. दोन्ही पाय दगडावर ठेवून ते भिवंडीच्या दिशेने बघत राहिले.

"माजं खोटं बी खरं झालं, मास्तर," ते म्हणाले. "तरी न्हाय आला."

मी म्हणालो की त्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. हे वाक्य माझ्या मनात बारा वर्षं पडून होतं. बाबा म्हणाले, तुम्ही खरं तेच लिहिलंत, त्याला काय करणार. मग ते घरात गेले आणि गाठोडं घेऊन आले. गाठीतून साखरेची पुडी दिसत होती. मी कांदे त्यांच्या ओट्यावर ठेवले. त्यांनी चहा टाकला, एक कप. त्यांच्यासाठी मी आणखी एक कप मागितला, तर काठीच्या आधाराने एक पाय उचलून म्हणाले, पित्त.

निघताना मी गाठोडं होडीत पायाशी ठेवलं. धक्क्यावरून आवाज आला, "मांडीवं घ्या, मास्तर. मांडीवरच्याला भारं न्हाय." मी ते उचलून मांडीवर घेतलं.

शुक्रवार होता. गल्लीत लूम बंद होते आणि धर्मा घरी होता. सुमन कॉलेजचं पुस्तक घेऊन बसली होती. धर्माने गाठोडं घेतलं आणि नेहमीचं विचारलं, बा बरा आहे ना, तिकडं स्वस्ताई आहे ना. मी उंबऱ्यावर थांबलो नाही. दोन्ही पाय आत घेतले, खाली बसलो आणि त्याला सांगितलं की तुझ्या बापाने बारा वर्षं चहा प्यायलेला नाही.