अकरा वर्षांपासून काहीही केलेलं नाही

वक्तृत्व स्पर्धेत मंडलातून, म्हणजे आमच्या तेलंगणातल्या तालुक्यातून, दुसरी आल्यापासून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. अख्ख्या जैनथ मंडलात माझ्याएवढं सोपं, सरळ मराठी कुणालाच लिहिता येत नाही. पहिली आलेली मुलगी तेलुगूत बोलली होती, त्यामुळे ती धरायची नाही.

म्हणून नीलिमा आत्याने पाटीचं काम मला दिलं.

आत्या गवताची शास्त्रज्ञ आहे. गावात तिला 'गवतवाल्या मॅडम' म्हणतात, आणि मॅडम पाठमोऱ्या झाल्या की नुसतंच 'गवत'. गायरानात तिने दोन तुकडे धरले होते. एकात गावची ढोरं चरतात. दुसऱ्याला तारेचं कुंपण. तिथे चारायचं नाही, कापायचं नाही, पेरायचं नाही. मोकळा सोडला तर माळ स्वतःहून काय करतो, ते फक्त मोजायचं. कुसळी मागे हटून चांगलं पवन्या गवत यायलाच आठ वर्षं गेली. बारा वर्षांची मोजणी झाली की निष्कर्ष निघणार. अकरा झाली होती. शेवटचं वर्ष मंजूर करायचं की नाही, ते ठरवायला मंगळवारी हैदराबादहून समिती येणार होती.

"लोक रोज इचारतात, मॅडम आत काय करून राह्यल्या," आत्या म्हणाली. "दोन ओळीची पाटी लिही. सगळ्याईले समजंल अशी."

मला एकच ओळ पुरली. रविवारी टिनाच्या पत्र्यावर लाल रंगाने लिहिलं: 'अकरा वर्षांपासून इथे काहीही केलेलं नाही.' खाली आत्याचं नाव, डॉक्टरसकट.

आता, गेली अकरा वर्षं गावची सरपंचकी भगवानराव काकांच्याच घरात आहे. आधी काका, मग काकू, आता परत काका. हे मला माहीत होतं. पण ऱ्हस्व-दीर्घ तपासताना सरपंच कुणाच्या डोक्यात येतो?

माझी शाळा याच गावात, आमचं घर मात्र दहा किलोमीटरवर. सोमवारी शाळेतून येताना बघते तर काका पाटीसमोर उभे. स्वतःचाच एक्स-रे वाचावा तसे वाचत होते.

"पोरी, हे तू लिवलं?"

"हो काका. मजकूर माझा, मुद्दा आत्याचा."

"हैदराबादच्या सायबाईले दाखवाले?"

"त्यांच्यासाठीच तर! आणि गावालाही कळायला पाहिजे ना."

काकांचा चेहरा वांग्याच्या रंगाचा झाला. "आमाले तोंडावर सांगतलं असतं तं जमलं नसतं काय? पाटी काऊन लावा लागते?"

मला वाटलं, इतकी वर्षं गवताचं महत्त्व कळलं नाही म्हणून बिचारे लाजले. मी मोठ्या मनाने म्हटलं, "अजून वेळ गेलेली नाही, काका."

"किती वाजता येतेत ते?"

"उद्या अकराला."

"मंग होते," म्हणाले, आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

आत्या त्या दिवशी आदिलाबादला अहवालाच्या प्रती काढत होती.

मंगळवारी साडेदहाला आम्ही ऑटोतून उतरलो. तारेचं कुंपण नव्हतं. आतली जमीन जावळ काढलेल्या बाळाच्या डोक्यासारखी गुळगुळीत होती. तिच्यावर दोन सिमेंटचे बाक, लाल-पिवळ्या फरशा, चुन्याच्या रेघा आणि कुंड्यांतली सहा झाडं. कडेला जेसीबी दमून उभा होता. माझ्या पाटीवर माझ्याच ओळीखाली निळ्या रंगात नवी ओळ होती: 'आता केलं. सरपंच.'

"वीस मानसं लावली, मॅडम," काका छाती काढून म्हणाले. "एक काडी नाही ठेवली."

आत्याने फार हळू विचारलं, "गवत कुठंय?"

"ढोराईले देल्लं. लय चवीनं खाल्लं त्याईनं."

आत्याने अहवालाच्या प्रती या हातातून त्या हातात घेतल्या. परत त्या हातातून या हातात.

समिती वेळेवर आली. अध्यक्ष बाकावर टेकले, घाम पुसला, म्हणाले, "बहुत साफ-सुथरा रखा है. अच्छा मॅडम, वो आपका प्लॉट कहाँ है?"

"सर, आप उसी पर बैठे हैं," आत्या म्हणाली.

ते ताडकन उठले. माणूस भला निघाला, हीच पंचाईत. रागावला असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हळहळले, आणि तिथेच शेरा लिहिला. राखीव तुकडा नष्ट, जुना प्रकल्प बंद. नवा तुकडा निवडावा, पहिल्यापासून बारा वर्षांची मंजुरी. काकांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना ऑटोत आत्या बाहेर बघत होती. तिला धीर द्यायचं काम अर्थात माझं होतं.

"आत्या, मंजुरी तर मिळाली! बारा वर्षं म्हणजे काय, अशी जातील. तेव्हा मी सत्तावीसची असेन."

"आन् मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली असतील," आत्या म्हणाली.

पुढे घरापर्यंत नऊ किलोमीटर मी एक शब्द बोलले नाही. शेवटी आत्याने वळून माझ्या कपाळाला हात लावला.

"काऊन वं, ताप आला काय तुले?"