एक मिलिमीटर बाहेर

वानखेडे माणसाला नाव नंतर विचारतात, वजन आधी. नवा भाडेकरू सामान उतरवत होता, त्यालाही त्यांनी विचारलं, "तुम्ही किती किलो?" तो बिचारा लिफ्टवरची पाटी वाचायला लागला.

कारण सांगतो. वानखेडे तीस वर्षं एका कारखान्याच्या टूलरूममध्ये इन्स्पेक्टर होते. निवृत्त झाले, त्याच वर्षी पत्नी गेली. आता वारज्यातल्या आमच्या सोसायटीत ते एकटे, आणि पार्किंगमध्ये त्यांची एक जुनी छोटी गाडी. मागची सीट काढलेली, आत लोखंडी पिंजरा. मुलगी सुजाता ती ट्रॅकवर शर्यतीत चालवते. नोकरी मात्र चेन्नईला. शर्यतीआधी चाकांचं अलाइनमेंट वानखेडे स्वतः करतात, आणि ते ड्रायव्हरचं वजन सीटवर असतानाच करायचं असतं. सुजाता हेल्मेटसकट चौपन्न किलो. माझी बायकोही चौपन्न. एकोणीस वर्षांच्या संसारात हे मला ठाऊक नव्हतं, वानखेड्यांना होतं.

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊला हजर: वानखेडे, मी, आणि सीटवर आमची मंगल. शर्यत पुढच्या रविवारी.

"वहिनी, हलू नका."

"अहो, गवार तरी निवडू का?"

"निवडा. पण देठं बाहेर टाकू नका. वजन बदलतं."

पार्किंगची फरशी आमची पाणी जायच्या जाळीकडे नऊ मिलिमीटर उतरते. वानखेड्यांनी ती नळीत पाणी भरून मोजलेली आहे. बिल्डरने कधी मोजली नसावी. म्हणून दोन चाकांखाली टाइल्सचे तुकडे. गाडीच्या दोन्ही अंगांना ताणलेली दोरी. दोरीपासून चाकाची पुढची कड स्टीलच्या पट्टीने मोजायची, मग मागची. फरक दर बाजूला एक मिलिमीटर हवा, पुढून बाहेर.

"हिची पुढचीच चाकं ओढतात आणि पुढचीच वळतात," वानखेडे म्हणाले. "जराशी बाहेर बघत असली की वळणात चटकन शिरते."

मी आकड्यांतला माणूस. मेंटेनन्सच्या हिशोबातले चाळीस पैसेही सोडत नाही. पण इथे माझा धीर सुटला. डावं जमलं की उजवं बिघडायचं. नट पाव फेरा फिरवायचा, गाडी मंगलसकट मागेपुढे ढकलायची, पुन्हा मोजायचं. असं अकरा वेळा. हे काम माझ्या हयातीत संपणार नाही, याची मला खात्री पटली.

"आता ठीक वाटतंय," मी म्हणालो.

"वाटतंय म्हणजे किती मिलिमीटर?"

हे त्यांचं ठरलेलं. चहा बरा झालाय का, असं मंगलने एकदा विचारलं होतं, तेव्हा "बरा म्हणजे साखर किती ग्रॅम?" असं ऐकून ती आत गेली ती गेलीच.

सव्वाबाराला जमलं. दोन्हीकडे बरोबर एक. मी हात झटकले. काम झालं की माणसं खूश होतात. वानखेड्यांचा चेहरा उतरला. आधीच्या तिन्ही शर्यतींना असाच उतरला होता. मला वाटायचं, दमले असतील.

तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो बॉनेटवर ठेवून स्पीकर लावला.

"बाबा, झालं का? झालं असेल तर रविवारी पहाटेच्या विमानाने थेट ट्रॅकवर येते. तिथूनच परत. नेहमीसारखं."

"आणि झालं नसेल तर?"

"मग शुक्रवारीच घरी यावं लागेल. शनिवारी दोघं मिळून करू. का, अडलंय का कुठे? डावं किती आहे?"

वानखेडे पट्टीकडे बघत राहिले. तीस वर्षांत त्यांनी एकही चुकीचं माप पास केलं नव्हतं.

"एक," ते कसंबसं म्हणाले.

"आणि उजवं?"

त्यांनी पट्टी बॉनेटवर ठेवून दिली.

"बाबा? काका आहेत ना तिथे? काका, उजवं बघा हो जरा."

मी उजव्या चाकाशी उकिडवा बसलो. पट्टी लावली. एक.

"पावणेतीन," मी म्हणालो.

"आणि नट गंजलाय!" सीटवरून मंगल ओरडली.

"अरे देवा! मग शुक्रवारी येतेच. बाबा, तोवर हात लावू नका."

फोन बंद झाला. वानखेड्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. मग पाना घेऊन माझ्या बाजूला आले, खाली बसले आणि उजवा नट सैल करू लागले.

"अहो, हे काय करताय?"

"पावणेतीन सांगितलंत ना?" ते म्हणाले. "ती आल्यावर मोजणार. वहिनी, दहा मिनिटं बसा अजून."